पुढून पाच, मागून आठ

मोठेबाबा,

परवा तुम्हाला नदीवर नेताना मी भांडले. तुमच्याच गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी उभी राहून, अर्ध्या गावासमोर. तुम्ही आत हौद्यात, पांढऱ्या कापडात, डोक्याशी बुद्धाची तसबीर. भांडण कशावरून आहे हे तिथं सगळ्यात जास्त तुम्हालाच कळलं असतं, आणि नेमके तुम्हीच गप्प होता. म्हणून लिहिते.

झालं असं. तुमच्या राहुलनं बाईसाहेब दारापुढे आणून लावली. तुमच्या लाडाची गोल तोंडाची पिकअप. तुमच्या लग्नाच्याही आधीची. तुम्हाला दुसऱ्या कशातून नेलं असतं तर तुम्ही उठून बसला असता, हे राहुललाही माहीत होतं आणि मलाही. फाळका पाडला, तुम्हाला आत ठेवलं. मग माणसं चढायला लागली. टायरवर पाय, कडीला हात, आणि वर. तुमच्या सोबत बसायचं म्हणून प्रत्येकाला चढायचं होतं, त्यांचंही चुकलं नाही. मी मोजत होते. सात झाले. नऊ झाले. अकरावा पाय टायरवर आला आणि माझ्या तोंडून निघालं, "बस. सहाच जण राहा. बाकीचे उतरा."

नामदेवकाका, आपल्या विहार कमिटीचे, वर फुलांची टोपली धरून उभे होते. ते म्हणाले, "काऊन वं सुजाता? मयतीत बी वजन मोजून राह्यली?"

"हो, मोजून राह्यली."

कोणीतरी मागून बोललं, "शिकली ना आता. शिकल्यावर असंच होते."

राहुल गाडीतून उतरून आला. डोळे सुजलेले. हळू आवाजात म्हणाला, "ताई, अर्धा किलोमीटर तं जायचं हाय. आजच्या दिवस नको ना."

अर्धा किलोमीटर, बरोबर. पण शेवटचा तुकडा नदीच्या उताराचा. अकरा माणसं आणि तुम्ही म्हणजे सातशे किलो. मी फाळका धरून उभीच राहिले. वरून कोणी उतरेना. आणि माझ्या मनात एकच, मोठेबाबा: इथे जर काही मोडलं, तर तुम्ही आयुष्यभर जे नाव कमावलं ते तुमच्याच मयतीत मोडेल. ते मला कसंही करून होऊ द्यायचं नव्हतं.

या लोकांना काय सांगणार होते मी? सांगायचं तर पार लिलावापासून सांगावं लागलं असतं.

तुम्ही मला पहिल्यांदा लिलावाला नेलं तेव्हा मी अकरावीत होते. आवारात जुन्या गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या, एकमेकींना इतक्या चिकटून की मधून शेळी जाणार नाही. दिसायची ती फक्त पाठ. कंपनीची पाटी कधीच निघून गेलेली, कागद हरवलेले, नंबर गंजानं खाल्लेला. घेणाऱ्याला एकच गोष्ट हवी असायची: ही गाडी अर्ध्या टनाची, पाऊण टनाची का एक टनाची? म्हणजे बनवणाऱ्यानं हिला किती ओझं उचलायला बनवलं? व्यापारी चाकाला लाथ मारून पाहायचे, जसं काही लाथेला उत्तर मिळतं. तुम्ही धोतर खोचून खाली बसायचे. मागच्या चाकाचे बोल्ट मोजायचे. कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, पाटे मोजायचे, बोट लावून, एकेक. आणि शेवटी हौद्याच्या कडेवर वीत टाकत जायचे.

तुमची वीत बरोबर नऊ इंचाची. मी टेप लावून पाहिली होती, सूतभर फरक नव्हता. तुम्ही म्हणालात, "टेप हरवते. वीत कुठं हरवन?" आणि मग मला पाढे म्हणावे तसं म्हणून घेतलंत: पावणेनऊ विता, साडेसहा फूट, अर्धा टन. पावणेअकरा विता, आठ फूट, पाऊण टन. बारा विता, नऊ फूट, एक टन. मागच्या चाकाला पाच बोल्ट दिसले तर अर्ध्याच्या वर जायचं नाही. आठ दिसले तर बेधडक बोलायचं. वर्कशॉपच्या भिंतीवर हे तुम्ही कोळशानं लिहून ठेवलं होतं. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण एक आकडा चुकीचा नाही.

तुम्हाला सगळे वस्ताद म्हणायचे. पुलगावापासून आष्टीच्या बाजारापर्यंत जुन्या गाडीचा सौदा असला की आधी तुम्हाला बोलावणं. ज्यांच्या अंगणात तुमच्या वडिलांना चपला हातात घेऊन जावं लागलं, त्यांची पोरं तुम्हाला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायची. तुम्ही "एक टन" म्हणालात की त्यावर कोणी दुसरा बोलत नसे. हे मी लहानपणापासून पाहिलं. पण तुमच्या एका शब्दाला किती वजन होतं आणि तो मागं घ्यायला तुम्हाला किती जड गेलं असतं, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. मी इंजिनिअरिंगचे हिशेब मांडत होते.

घराण्यातली पहिली पदवी माझी. यात मला काही लाजायचं नाही. वर्ध्याच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चारच मुली, आणि त्यात हातानं पाटे मोजलेली मी एकटी. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत आलात, आणि क्लार्कनं "पालक कोण?" विचारल्यावर माझे बाबा बाजूला उभे असताना तुम्ही दोघांनी एकदम हात वर केलात. बाबा गवंडी, तुम्ही मेकॅनिक. क्लार्क म्हणाला, "एक जण या." बाबा म्हणाले, "दादाले जाऊ द्या, गाड्यांचं त्याले समजते." ती सही तुमची आहे.

म्हणूनच तर पुढचं सगळं इतकं लागलं.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले. बाईसाहेब तुम्ही नेहमी भिंतीला नाक लावून उभी करायचे. लिलावाची सवय अंगणात आली होती. त्या दिवशी राहुलनं ती उलटी लावली, तोंड रस्त्याकडे. मी चहा पीत ओट्यावर बसले होते आणि समोर पुढचं चाक. सहज मोजले. पाच. उठून मागे गेले. आठ. परत पुढे आले. पाचच. जन्मभर त्या गाडीत बसले आणि पुढचे बोल्ट कधी मोजलेच नव्हते. चाकं शंभरदा काढूनही तुम्ही ते कधी हिशेबात धरले नव्हते. कारण तुम्हीही ती घेतली ती पाठीकडूनच पाहून. कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातून. मागं आठ बोल्ट, बारा विता, एक टन. झालं.

"मोठेबाबा, पुढं पाचच आहेत."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कोनीतरी पुढचं बदलवलं असन."

"आणि मागचं बदललं असेल तर?"

"मागचं कोन बदलवते? वजन तं मागंच असते."

"म्हणूनच बदलतील ना!"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी टेप घेऊन गाडीखाली शिरले. खाली, चासीच्या, म्हणजे गाडीच्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना, रंगाखाली दबलेले वेल्डिंगचे जोड होते. एक केबिनच्या लगेच मागं आणि दुसरा त्याच्याही मागं अडीच फुटांवर. मधला तुकडा वेगळ्या जाडीचा. नऊ फुटांतून अडीच गेले की साडेसहा. तुमचाच पाढा, मोठेबाबा. कोणीतरी कधीकाळी अर्ध्या टनाची गाडी मधून कापून लांब केली होती, तिला मोठ्या गाडीचा मागचा एक्सल लावला होता, आणि वर नऊ फुटी हौदा चढवला होता. पाठ एक टनाची आणि कणा अर्ध्याचा.

मी खालूनच ओरडून हे सांगितलं. हीच माझी पहिली चूक. वर्कशॉपमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती.

"मोडल्यावर बी वेल्डिंग करतात," तुम्ही म्हणालात. "यवढी शिकली, यवढं नाई समजत?" गिऱ्हाइकं हसली. मी गाडीखालून निघाले तेव्हा माझ्या केसांत ग्रीस होतं आणि तोंड लाल. पुढच्या आठवड्यात तुम्ही फाळक्यावरचं '१ टन' नव्या पिवळ्या रंगानं आणखी मोठं करून घेतलंत. मी कॉलेजात परत गेले ते बसनं. तुम्ही सोडायला येतो म्हणालात, मी नको म्हटलं.

मग मूर्ती आली.

आपल्या विहाराची पहिली मूर्ती. काळ्या दगडाची, लाकडी पेटीत आडवी. पेटीच साडेआठ फुटांची. मोठा ट्रक आपल्या नाल्यावरच्या अरुंद रपट्यावरून येईना, म्हणून पेटी पुलगावला उतरवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायची कोणाची हिंमत नव्हती. ट्रॉलीला कमानी नसतात, एका दणक्यात दगड तडकला तर? कमानीची आणि नऊ फुटी हौद्याची गाडी पंचक्रोशीत एकच. नामदेवकाका तुमच्याकडे आले आणि तुम्ही छातीवर हात ठेवून हो म्हणालात. धर्मकाट्यावर पेटी भरली आठशेच्या वर.

मी सुट्टीवर होते. म्हणाले, "नका नेऊ. जोडावर येईल."

"एक टनाची गाडी हाय."

"अर्ध्याची आहे, मोठेबाबा."

"मूर्तीच्या काय दोन खेपा करू? अर्धा बुद्ध सकाळी, अर्धा दुपारी?"

लोक हसले, मीही हसले असते. पण मी गाडीसमोर उभी राहिले. शेवटी तह झाला: मी सोबत येणार, दर दोन किलोमीटरवर गाडी थांबणार, मी खाली जाऊन जोड पाहणार. आणि पाहायचं कसं, तर ते मला बाबांकडून माहीत होतं. भिंतीला भेग गेली की बाबा भेगेवर आडवी चुन्याची पट्टी ओढून ठेवायचे. पट्टी शाबूत तर भेग झोपलेली. पट्टी तडकली तर भेग जागी. मी तुमची तंबाखूची डबी मागितली.

"माह्या तमाखूचा चुना हाय तो."

"द्या."

दिलीत. मी बोटानं दोन्ही बाजूंच्या जोडांवर आडवी चुन्याची रेघ ओढली. पातळ, म्हणजे लवकर वाळावी. तुम्ही पांढराशुभ्र कुर्ता घातला होता, मोठीआईनं नीळ देऊन धुतलेला. स्टिअरिंगवर बसलात आणि म्हणालात, "चला इंजिनीर."

पुढे मोटारसायकलींवर निळे झेंडे, मागे चालणारी माणसं, मधे आपण. माणसाच्या चालीनं गाडी. पहिल्या थांब्याला रेघ शाबूत. दुसऱ्या थांब्याला शाबूत. तुम्ही खिडकीतून विचारलंत, "हाय का तुहा चुना?" मी "आहे" म्हटलं, आणि खरं सांगू? मला वाटलं, मी चुकले असले तर किती बरं होईल. मी चुकावं असं मला आयुष्यात त्या दोन किलोमीटरांतच वाटलं. प्रत्येक खड्ड्याला मागून पेटी कुरकुरायची आणि तुमच्या मानेची शीर उठायची. तुम्ही एरवी गाडी चालवताना गुणगुणता. त्या दिवशी नाही.

तिसरा थांबा रपट्याच्या उताराआधी. मी खाली शिरले. डावीकडच्या मागच्या जोडावर रेघ मधून तुटली होती. केसाएवढी. पण तुटली होती.

"मोठेबाबा. तडकली."

"चुना वाळला का तडकतेच."

"उजवीकडचा पण तेव्हाच लावला. तो का नाही तडकला?"

तुम्ही दार उघडून खाली उतरलात. झेंडेवाले पुढे जाऊन थांबले होते, हॉर्न देत होते. "वस्ताद, चाला ना!" कोणीतरी उतारावरून हात हलवत होतं. मी गाडीखाली आडवी, माझ्यावर आठशे किलो, आणि तुमचे पाय मला केबिनखाली दिसत होते, हलत नव्हते. मग ते पाय वाकले. तुम्ही त्या नीळ दिलेल्या कुर्त्यानिशी रस्त्यावर आडवे झालात आणि सरकत आत आलात. आपण दोघं शेजारी शेजारी, वर बघत. तुम्ही रेघेवर नख फिरवलंत. एकदा. परत एकदा. तुमचा श्वास मला ऐकू येत होता. मग तुम्ही नखानंच चुना खरवडला आणि खालच्या लोखंडाकडे पाहिलंत, आणि मीही पाहिलं. लोखंडालाच चीर गेली होती.

तुम्ही बाहेर निघालात. पाठ काळी झालेली. नामदेवकाका धावत आले.

"उतरवा मूर्ती," तुम्ही म्हणालात.

"रस्त्यावर? काऊन गा वस्ताद? गाडी एक टनाची हाय म्हने ना?"

सगळे तुमच्याकडे पाहत होते. मी पण. मी वाट पाहत होते, मोठेबाबा. चार शब्दांची. गाडी अर्ध्या टनाची आहे.

तुम्ही म्हणालात, "पोट्टी म्हनते उतरवा, तं उतरवा."

मूर्ती उतरली. मग गावातून ट्रॉली आली, ट्रॉलीत कुटार, म्हणजे भुसा, कुटारावर घराघरातून आणलेल्या गाद्या, सात-आठ थर, आणि बुद्ध शेवटचे दोन किलोमीटर गावाच्या गाद्यांवर निजून आले. लोकांना आजही तेच आठवतं, कोणाची गादी सगळ्यात वर होती ते. गाडीचं कोणाला आठवत नाही. मला आठवत होतं. मला वाटलं तुम्ही माझ्यावर ढकललंत. अपशकुन झाला तर पोरीमुळे, मूर्ती रस्त्यावर ठेवली ती पोरीमुळे.

त्याच संध्याकाळी तुम्ही पत्रा खरवडायचं पातं घेऊन फाळक्यावरचा '१ टन' काढून टाकलात. गुपचूप. तिथं नुसता पत्रा राहिला, हातभर, नागडा.

मी म्हटलं, "आता 'अर्धा टन' लिहा."

"तू लिही. शिकलेली तू हायस."

"आधी तुम्ही म्हणा, चुकलं म्हणून."

"मी कायले म्हनू?"

"मग मी पण नाही लिहीत."

चार वर्षं. चार वर्षं तो पत्रा कोरा राहिला. राहुल म्हणाला बाबानं जोडाला पट्ट्या मारून घेतल्या, मी म्हटलं बरं. पाहायला गेले नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले, पोरांना सांगायचे, गाडीचं पोट बघा, पाठीवर जाऊ नका. वर्गात तुमचा पाढा फळ्यावर लिहायचे आणि तुमचं नाव सांगायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मंग पगार अर्धा माहा." आणि आपण बोलायला लागलो असतो. घरी आले की जेवायला एकत्र बसायचो, भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलायचो, आणि दारात ती गाडी कोरी पाठ आपल्याकडे करून उभी.

दवाखान्यात शेवटून दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "गाडी कुठं हाय?"

"घरी. अंगणात."

"तोंड कोनीकडं हाय तिचं?"

"भिंतीकडं. तुम्ही लावता तसंच."

"फिरवून ठेव," तुम्ही म्हणालात. "पुढून दिसली पायजे."

मला वाटलं, घरी जायची घाई झाली. गाडी निघायला सोपी जावी म्हणून म्हणताय. मी म्हटलं, "ठेवते." मग नर्स आली. त्यानंतर आपण दुधाबद्दल बोललो आणि झोपेबद्दल. पुढून दिसली पाहिजे. पुढून, म्हणजे पाच बोल्ट; माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तुम्हाला नदीवर पोचवून परत यावं लागलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "यवढी शिकली..."

तर परवा. मी फाळका धरून उभी, वर अकरा जण. नामदेवकाकांचं तोंड कडू झालेलं. राहुल रडायच्या बेतात. मलाही कळत होतं की हे वाईट दिसतं. ज्यांनी तुम्हाला उन्हात खांदा दिला असता त्यांना मी खाली उतरवत होते. मी सांगायला गेले, "काका, या गाडीचा कणा…"

तेव्हा मोठीआई उठली. दोन बायांनी धरलं होतं तिला, तिनं त्यांचे हात सोडवले. फाळक्यापाशी आली. वर पाहून म्हणाली, "पोट्टी म्हनते उतरा, तं उतरा."

तेच शब्द. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"मायाकडं काय पायतं?" ती म्हणाली. "चार सालापासून हेच आयकून राह्यली. कोनी सिमिटाचं एक पोतं जास्त टाकलं का यायचं हेच. पोट्टी म्हनते पाचशे, तं पाचशे. घरात सायपाकाचं सिलेंडर आनाचं असलं तरी, पोट्टी म्हनते. मी म्हनलं, अहो ते तं वर्ध्याले हाय. तं म्हनत, इथं असो का तिथं असो."

नामदेवकाका पहिले उतरले. टोपली माझ्या हातात दिली. मग बाकीचे, एकेक, टायरवर पाय देऊन. वर सहा राहिले आणि तुम्ही. राहुलनं पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली, आणि आम्ही सगळे मागून चालत निघालो. उताराला मी पाठीमागेच होते. डोळे तुमच्यावर असायला हवे होते. माझे डोळे केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीवर होते. ती फट उतरताना रुंद होते का, एवढंच पाहत मी तुम्हाला नदीवर पोचवलं. बुद्धवंदना झाली तेव्हा कुठे मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. मला माफ करा म्हणणार होते. म्हटलं नाही, दोघांनाही सवय नाही.

परत आल्यावर राहुलनं गाडी अंगणात लावली. मी म्हटलं, "फिरवून लाव." त्यानं विचारलं नाही का ते. लख्ख दुपार होती. लोक हातपाय धूत होते. मी पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि खाली शिरले.

पट्ट्या होत्या. दोन्ही बाजूंना, लांब, रिव्हेट एका ओळीत, तुमच्या हातच्या. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना आडवी चुन्याची रेघ. चारही जोडांवर. मी बोट लावलं. ती एक रेघ नव्हती; भिंतीला दरवर्षी पोतारा द्यावा तशी थरावर थर चढलेली, जाड, नखाएवढी. किती वेळा ओढली असेल? प्रत्येक फेरीआधी? सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले, दर खेपेला पाठीवर आडवं होऊन आत सरकायचा आणि तंबाखूच्या चुन्यानं पोट्टीची रेघ ओढायचा, आणि बाहेर येऊन कोणाला काही सांगायचा नाही. मोठीआईच्या म्हणण्यात आलं, तुमचे कुर्ते पाठीला काळे व्हायचे आणि ती ओरडायची, आता या वयात गाडीखाली कायले जाता. तुम्ही म्हणायचे, उगाच.

चारही रेघा शाबूत होत्या. सहा माणसं, तुम्ही, नदीचा उतार. एकही तडकली नव्हती.

मला चार शब्द हवे होते, मोठेबाबा, मोठ्यानं, लोकांसमोर. तुम्ही चार वर्षं ते रोज लिहीत होता आणि मी एकदा वाकून पाहिलं नाही. लिलावातल्या व्यापाऱ्यांसारखीच मी. कोरा पत्रा दिसला तेवढाच पाहिला.

भांडण मात्र मिटलेलं नाही, सांगून ठेवते. त्या दिवशी रपट्यावर तुम्ही बोलायला हवं होतं. मी आजही तेच म्हणेन. आणि तुम्ही म्हणाल, बोललो तं होतो.

आज सकाळी राहुल पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. "ताई, काय लिहू?"

"दे इकडं," मी म्हटलं. फाळक्यावर, त्या हातभर पत्र्यावर, 'अर्धा टन' लिहिलं. अक्षर माझं, वळण तुमच्या कोळशाच्या पाढ्याचं. राहुल लांबून पाहत म्हणाला, "नऊ फुटी हौद्यावर अर्धा टन! लोक हासतील."

"हासू दे. विचारतील तेव्हा पुढं नेऊन पाच बोल्ट दाखव."

मग केबिनमध्ये हात घातला. तुमची डबी डॅशबोर्डवरच होती, काचेशी. ती घेतली, खाली गेले, आणि तुमच्या रेघांवरून माझी रेघ ओढली. चारही जोडांवर. डबीतला चुना अजून ओला होता.